छातीतील धडधड आणि धंद्याची धास्ती

कापडाच्या धंद्यात आमची तीस वर्षे गेली. भाव पडला तर माल कसा धरायचा, उधारीचा तगादा कसा लावायचा, हे वडीलधाऱ्यांनी शिकवले. जीव घाबरला तर काय करायचे, हे मात्र कोणी शिकवले नव्हते.

एका सीझनला मोठ्या पार्टीचा चेक परत आला. तिसऱ्या दिवशी दुकानात थान मोजताना आमची छाती एकदम धडधडू लागली. घाम सुटला, हात थरथरले, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या. वाटले, आता आपण संपलो. मुनीमजींनी ताबडतोब दवाखान्यात नेले. कार्डिओग्राम व रक्ततपासणी दोन्ही साफ निघाली. डॉक्टर म्हणाले, हा हार्ट अटॅक नव्हे, पॅनिक अटॅक आहे.

आपल्यात याला नुसती 'घबराहट' म्हणतात, म्हणून हा आजार आहे असे कोणाच्या मनात येत नाही. कोणी नजर लागली म्हणतो, कोणी भित्रा म्हणून हसतो.

बांधवांनो, लक्षणे ध्यानात ठेवा. पॅनिक अटॅक अचानक येतो, साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग उतरू लागतो. चिंतेचा आजार हळूहळू येतो. झोप लागत नाही, मान आखडते, पोट बिघडते, चिडचिड होते, खातेवहीत लक्ष लागत नाही. असे सहा महिने बहुतेक दिवशी चालले, तर तो केवळ धंद्याचा ताण समजू नये.

मात्र छातीत दुखले तर घरी बसून निदान करू नका. दोन्हींची लक्षणे सारखी दिसतात. बीपी, शुगर किंवा तंबाखूची सवय असणाऱ्यांनी तर एक मिनिटही दवडू नये. १०८ ला फोन करावा. थायरॉइड वाढल्याने किंवा शुगर उतरल्यानेही अशी धडधड होते, म्हणून तपासणी हवीच.

तपासणी साफ निघाल्यावर आम्ही चूक केली. गाडीत पुन्हा तसे झाले तर, या भीतीने दोन महिने सुरतेची खरेदी बंद ठेवली. जितके टाळले तितकी भीती वाढली. शेवटी मानसोपचार तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी श्वास सावकाश सोडायला शिकवले, भीतीच्या जागी थोडे थोडे जायला लावले आणि गोळ्या दिल्या. या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मेडिकलवरून आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांची सवय जडते. चहाही कमी करावा.

सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ वर रात्रंदिवस मराठीतही बोलता येते.

आज आम्ही पुन्हा सुरतेला जातो. ज्या कारागिराचा किंवा दुकानदाराचा जीव असा घाबरतो, त्याने लपवू नये. यावर इलाज आहे.