बाळूंचा चेंडू का वळला?

ऐका रे पोरांनो, आणि ए चिमणे, तो मोबाइल ठेव बघू बाजूला. साल १८९२. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यावर पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा कामाला लागला. पगार महिन्याला चार रुपये. मैदान झाडायचं, रोलर ओढायचा, रेघा मारायच्या, जाळी ठोकायची आणि साहेब सरावाला आले की तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र त्याच्या हाती कुणी दिली नाही. त्याचं नाव बाळू पालवणकर, डावखुरा फिरकी गोलंदाज. कॅप्टन ग्रेग म्हणून एक पट्टीचा फलंदाज तिथे होता. बाळूंनी त्याला बाद केलं की तो आठ आणे बक्षीस द्यायचा, असं सांगतात. चार रुपये पगारात आठ आणे म्हणजे किती दिवसांची मजुरी, ते तुम्हीच काढा.

त्या चेंडूत होतं काय? बोटांनी दिलेली गिरकी. चेंडू गरगरत पुढे निघाला की त्याला चिकटलेली पातळशी हवाही त्याच्याबरोबर फिरते. समोरून येणारा वारा एका बाजूला तिच्या दिशेनेच जातो, दुसऱ्या बाजूला तिच्याशी भिडतो. त्यामुळे चेंडूच्या मागे हवा सरळ न जाता एका अंगाला ढकलली जाते आणि चेंडू सरकतो उलट अंगाला. न्यूटनने १६७२ मध्येच टेनिसच्या चेंडूवर हे हेरलं होतं. पुढे १८५२ मध्ये माग्नुस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ते प्रयोगाने दाखवलं. आपल्या गोरेगावात बिल्डिंगच्या आवारात प्लास्टिकचा चेंडू किती वाकडातिकडा जातो, पाहता ना? तो हलका, म्हणून हवेचं त्याच्यावर जास्त चालतं. खरा लेदरचा चेंडू जड, तो थोडासाच सरकतो. पण फलंदाजाला फसवायला थोडंसंच पुरतं.

डावखुऱ्याचा असा चेंडू हवेत उजव्या हाताच्या फलंदाजाच्या अंगाकडे येतो. तो बिचारा बॅट तिकडे नेतो. मग चेंडू टप्पा घेतो, माती त्याला घासून धरते आणि तीच गिरकी त्याला बाहेर काढते. म्हणजे हवा एकीकडे ओढते, जमीन दुसरीकडे! आणि गिरकी जरा पुढच्या बाजूला कलती असली, तर चेंडू अपेक्षेआधीच खाली बसतो. ज्याने रोज त्याच खेळपट्टीवर रोलर ओढला, त्याला कोणती माती चेंडू धरते हे कुणी शिकवायला लागतं का?

पुढे पुण्यातल्या हिंदू क्लबने बाळूंना संघात घेतलं. मैदानात सगळे त्यांच्याच हातचा चेंडू झेलत. चहाच्या वेळी मात्र चांभाराचा मुलगा म्हणून त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. हवेचं शास्त्र मी तुम्हाला सांगितलं, याचं शास्त्र मला कुणीतरी समजावून द्या.

मग बाळू मुंबईला आले. १९०६ मध्ये हिंदूंच्या संघाने युरोपियनांच्या संघाला हरवलं, त्यात बाळूंची गोलंदाजी मोठी होती. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले. पस्तिशीचं वय, परकं हवामान, तरी एका मोसमात ११४ बळी. संघ बरेच सामने हरला, ही गोष्ट वेगळी. हिंदू संघाचं कर्णधारपद पालवणकरांच्या घरात आलं ते १९२३ मध्ये, आणि तेही बाळूंकडे नाही, त्यांच्या धाकट्या भावाकडे, विठ्ठलकडे.