पहिल्या रेट्याची किंमत

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषाचे कांस्यपदक किती थोडक्यात हुकले, हे भारतात घराघरांत ठाऊक आहे. ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिला ५५.४२ सेकंद लागले, तर तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूला ५५.४१. फरक अवघा एक शतांश सेकंदाचा! त्या अंतिम शर्यतीत एका प्रतिस्पर्ध्याच्या फॉल्स स्टार्टमुळे सर्वांना परत बोलावण्यात आले होते. आपली पहिली सुरुवात छान झाली होती, दुसऱ्यांदा ती लय साधली नाही, असे उषाने पुढे सांगितले. एका सुरुवातीला इतके महत्त्व का असावे?

१८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा टॉमस बर्क दोन्ही हात जमिनीला टेकवून वाकला, तेव्हा प्रेक्षकांना नवल वाटले. पण १०० मीटरची शर्यत त्यानेच १२ सेकंदांत जिंकली. पुढे धावपटू खुरप्यासारख्या हत्याराने मातीत पाय रोवण्यापुरते खड्डे खणू लागले. १९३६ मध्ये जेसी ओवेन्सही असाच धावला. ऑलिंपिकमध्ये स्टार्टिंग ब्लॉक आले ते १९४८ साली, लंडनला.

वाकण्यामागचे शास्त्र सोपे आहे. पाय ब्लॉकला जितक्या जोराने मागे रेटतात, तितक्याच जोराने ब्लॉक शरीराला पुढे ढकलतो. उभ्या माणसाचा जोर बराचसा वर जातो, वाकलेल्याचा पुढे. म्हणूनच ‘सेट’ म्हणताच धावपटू कंबर खांद्यांपेक्षा किंचित वर उचलतो. पुढच्या पायाचा गुडघा साधारण काटकोनात, तर मागचा त्याहून अधिक उघडलेला असतो. खांदे हातांच्या थोडे पुढे झुकतात. पिस्तुलाचा आवाज होताच दोन्ही पाय रेटा देतात. मागचा पाय आधी सुटतो, पुढचा मात्र पूर्ण ताठ होईपर्यंत ढकलत राहतो.

पण आवाज सर्वांना एकाच वेळी ऐकू यायला हवा ना? आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पिस्तूल पहिल्या लेनजवळ असेल, तर आठव्या लेनपर्यंत तो पोहोचायला दोन शतांश सेकंदांहून अधिक वेळ लागतो. म्हणून मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूमागे ध्वनिवर्धक असतो.

आवाजानंतर ०.१०० सेकंदाच्या आत हालचाल झाली, तर ती अंदाजाने झाली असे नियम मानतो. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत ११० मीटर अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीतून अमेरिकेचा डेव्हन अॅलन ०.०९९ सेकंदामुळे बाद झाला. २०११ मध्ये खुद्द उसेन बोल्टलाही फॉल्स स्टार्टमुळे १०० मीटरचे जागतिक विजेतेपद गमवावे लागले.

मग सर्वांत आधी हलणाराच जिंकतो का? मुळीच नाही. २००९ मध्ये बर्लिनला बोल्टने ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याने आवाजाला प्रतिसाद द्यायला ०.१४६ सेकंद घेतले. टायसन गे आणि असाफा पॉवेल त्याच्या आधी हलले होते, तरीही मागेच राहिले.

शाळेच्या मैदानावर मुले नेमकी इथेच चुकतात. आवाज होताच ती ताडकन सरळ उभी राहतात आणि सारा जोर वर वाया घालवतात. पहिली काही पावले पुढे झुकून, जमीन मागे रेटत टाकावीत आणि शरीर हळूहळू सरळ करावे. कान तर आवाजाकडे असतातच. जोर कुठे लावायचा, हे मात्र पायांना शिकवावे लागते.