शोकाकडून पश्चात्तापाकडे

यहुदी पंचांगातील आव महिन्याची नववी तिथी हा त्या समाजाचा सर्वांत मोठा शोकदिन होय. हिब्रू भाषेत त्यास 'तिशा बआव' म्हणतात. जेरुसलेमचे पहिले मंदिर इ.स.पूर्व ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने आणि दुसरे इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने उद्ध्वस्त केले. या दोन्ही आपत्तींचे स्मरण या दिवशी केले जाते. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्नपाणी वर्ज्य असते. प्रार्थनामंदिरात दिवे मंद करून व जमिनीवर बसून विलापगीते वाचली जातात. भेटल्यावर एकमेकांस अभिवादनही करीत नाहीत. घरात मृत्यू घडावा, तसे हे वागणे असते.

मात्र हा शोक केवळ पडलेल्या भिंतींसाठी नाही. दुसरे मंदिर का पडले, या प्रश्नाला तालमूद या ग्रंथाने दिलेले उत्तर मार्मिक आहे: लोक एकमेकांचा विनाकारण द्वेष करीत होते. रोमनांच्या बळाकडे बोट न दाखविता पराभूतांनी स्वतःकडे असे पाहावे, ही गोष्ट सामान्य नव्हे.

यानंतर सात आठवडे सांत्वनाचे वाचन होते. मग नववर्ष येते आणि त्यापासून पश्चात्तापाचे दहा दिवस सुरू होतात. त्यांतील अखेरचा दिवस 'योम किप्पूर', म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. पश्चात्तापास हिब्रूत 'तशुवा' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'परतणे' असा आहे. चुकलेल्याने केवळ रडत न बसता वाट बदलावी, अशी त्यातील अपेक्षा आहे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी त्याची कसोटीच सांगितली: तोच मोह, तशीच संधी पुन्हा समोर यावी आणि तरीही माणसाने तो अपराध करू नये. मिश्ना हा प्राचीन ग्रंथ तर अधिक कठोर आहे. ईश्वराविरुद्धच्या अपराधांची क्षमा या दिवशी मिळते. परंतु शेजाऱ्यास दुखावले असेल, तर आधी त्याचे समाधान करावे लागते. तेथे उपवास उपयोगी पडत नाही. पापांची कबुलीही 'मी' अशी नसून 'आम्ही' अशी असते.

या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेस 'नेईला', म्हणजे 'बंद होणे', असे नाव आहे. क्षमेचे दार मिटण्यापूर्वीची ती विनवणी असते. कोकणात तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम न करणारे मराठीभाषक बेने इस्राएल या दिवसाला 'दारफळणीचा सण' म्हणत. त्या दिवशी ते घराची दारे लावून उपवास करीत. आव महिन्यातील शोकदिनाला मात्र त्यांनी वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' असे घरगुती नाव दिले होते.