लोपेझ जिंकला असता की गोन्झालेझ? न झालेल्या लढतीतून संशोधन-प्रश्न समजून घेऊया



पेटची, मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण एकच गोष्ट विचारतात. "ताई, विषय ठरलाय, पण सर म्हणतात यात रिसर्च क्वेश्चनच नाही. म्हणजे नेमकं काय नाही?" याचं उत्तर आज बॉक्सिंगमधून देते.

हो, बॉक्सिंगच! रात्री लॅबमध्ये रिअ‍ॅक्शन संपायची वाट बघताना जुन्या लढती बघायचा मला नाद आहे, त्यातही सगळ्यात हलक्या वजनगटांच्या. तिथल्या चाहत्यांचा एक आवडता वाद म्हणजे मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ आणि निकाराग्वाचा रोमान गोन्झालेझ समोरासमोर आले असते तर?

ही लढत होणं शक्यच नव्हतं. लोपेझची शेवटची लढत २००१ सालची आणि रोमान व्यावसायिक रिंगमध्ये उतरला २००५ मध्ये. लोपेझ ५१ विजय, १ बरोबरी आणि शून्य पराभव घेऊन निवृत्त झाला. रोमानने पहिल्या ४६ लढती सलग जिंकल्या आणि चार वजनगटांत जगज्जेतेपद मिळवलं. मग भारी कोण?

१. "भारी कोण" हा संशोधन-प्रश्न नाही

यात दोन प्रश्न मिसळलेत. कोणाची कारकीर्द मोठी, हा एक. समोरासमोर कोण जिंकेल, हा दुसरा. दोन्हींना लागणारा पुरावा वेगळा आहे, म्हणून आधी एक निवडा. आपण दुसरा घेऊ.

आता अटी ठरवा. लोपेझ १०५ पौंड (४७.६ किलो) आणि १०८ पौंड (४९ किलो) या गटांत विजेता होता. रोमान १०५, १०८, ११२ आणि ११५ पौंडात. म्हणजे सामाईक गट दोनच. पण १०८ पौंडाचा किताब लोपेझने जिंकला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता, रोमान २३ चा. तिथे तुलना केली तर वजनापेक्षा वयच मोजलं जाईल.

म्हणून माझा प्रश्न असा : १९९३ चा लोपेझ आणि २००९ चा रोमान, १०५ पौंड, १२ फेऱ्या, वजन आदल्या दिवशी. कोण जिंकेल? बघा, वाक्य लांबलं, पण आता त्यावर काम करता येतं.

२. "सामाईक प्रतिस्पर्धी" हा सापळा

थेट पुरावा नसला की आपण साखळी जोडतो. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, म्हणून अ हा क ला हरवेल. याच गटांमधलं खरं उदाहरण घ्या. जुलै १९९३ मध्ये लोपेझने थायलंडच्या समन सोरजातुरोंगला दुसऱ्याच फेरीत संपवलं. दोन वर्षांनी त्याच समनने मेक्सिकोच्या उंबेर्तो गोन्झालेझला (हा वेगळा गोन्झालेझ) सातव्या फेरीत हरवून किताब घेतला. मग लोपेझने उंबेर्तोला सहज हरवलं असतं?

थांबा. पहिली लढत १०५ पौंडाची, दुसरी १०८ ची. मध्ये दोन वर्षं गेली. नाव तेच असलं तरी समन तोच राहिला का?

आणि साखळी उलटीही फिरते. अमेरिकेच्या मायकल कार्बाहालने मार्च १९९३ मध्ये उंबेर्तोला नॉकआऊट केलं. १९९४ मध्ये मात्र उंबेर्तोने त्याच कार्बाहालला दोनदा गुणांवर हरवलं. आता साखळीत वर कोणाला ठेवणार?

३. एक निकाल म्हणजे उत्तर नाही

रोमान आणि मेक्सिकोचा हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादा तीनदा लढले. २०१२ मध्ये तिन्ही जजनी रोमानला कौल दिला. २०२१ मध्ये एस्त्रादा २-१ असा जिंकला. २०२२ मध्ये दोन जज एस्त्रादाच्या बाजूने आणि तिसऱ्याची बरोबरी. म्हणून "कोण जिंकेल" यापेक्षा "दहा लढतींत किती वेळा" असं विचारणं जास्त प्रामाणिक.

४. आकड्यामागची यंत्रणा शोधा

५१-०-१ हा आकडा दिसतो भारी, पण लोपेझ कसा जिंकायचा हे त्यातून कळत नाही. तो या गटासाठी उंच, साधारण १६५ सेंमी. डाव्या जॅबने अंतर राखायचा आणि कोणी आत शिरलाच तर खालून अपरकट. रोमान त्याच्यापेक्षा बुटका. त्याचं सगळं बळ आत शिरण्यात : छोटी पावलं, कोन बदलत ठोशांची माळ. म्हणजे खरा प्रश्न आहे अंतर कोण ठरवणार?

याला सगळ्यात जवळचा पुरावा म्हणजे रोसेन्दो अल्वारेझ, तोही निकाराग्वाचा. मार्च १९९८ मध्ये त्याने दबाव टाकून लोपेझला दुसऱ्या फेरीत खाली पाडलं. पुढे डोकी आदळून जखम झाल्यामुळे लढत बरोबरीत थांबली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या लढतीत लोपेझ जिंकला, पण २-१ असाच. म्हणजे दबाव लोपेझला त्रास देऊ शकतो. मर्यादाही लिहा : तो ३१ वर्षांचा लोपेझ होता आणि अल्वारेझ म्हणजे रोमान नव्हे. तसंच २०१७ मध्ये श्रीसाकेतने रोमानला दोनदा हरवलं, पण ते ११५ पौंडात. तो पराभव इथे आणू नका.

माझं गृहीतक : दहापैकी सहा वेळा लोपेझ. ते कशाने मोडेल हेही आधीच सांगते. लोपेझच्या १९९० ते ९७ मधल्या लढती बघून मोजायचं, प्रतिस्पर्धी किती वेळा आत शिरला आणि शिरल्यावर टिकला. तो बऱ्याचदा टिकताना दिसला, तर मी मत बदलेन.

हे मला कसं कळलं?

चुकून. पहिल्या प्रगती-सादरीकरणात मी दोन पेपरांतले दोन कॅटॅलिस्ट घेऊन "पहिला सरस" असं ठोकून दिलं होतं. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "तापमान काय होतं दोन्हीकडे?" एकीकडे ८० अंश, दुसरीकडे १२०. मी कोऱ्या चेहऱ्याने उभी! पुढच्या सहा महिन्यांचं नियोजन त्या एका वाक्यावर उभं होतं, ते सगळं रद्द झालं. दोन्ही कॅटॅलिस्ट एकाच तापमानाला स्वतः चालवून बघितले तेव्हा फरक जेमतेम उरला.

तर आज आपला विषय वहीत लिहा आणि खाली चार ओळी भरा : मी नेमकं काय विचारतेय/विचारतोय, कोणत्या अटींवर, कोणत्या यंत्रणेमुळे तसं घडेल, आणि काय दिसलं तर मी चूक ठरेन. चौथी ओळ कोरी राहिली तर सर म्हणतायत ते बरोबर आहे असं समजा आणि पहिल्या ओळीपासून परत सुरू करा. अडलं तर कमेंटमध्ये टाका, मिळून बघू.