संप्रेरके आणि स्त्रीची वेदना

१९४७ साली लष्करी बराकींत ५० खाटांनिशी सुरू झालेल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसमोर सकाळी जी रांग लागते, तीत धारावी-प्रतीक्षानगराकडच्या ज्या बाया कपाळावर ओढणी करकचून आवळून उभ्या असतात, त्यांना काय होते म्हणून विचारावे, तर उत्तर पुष्कळदा असे मिळते: "डोकं ठणकतंय हो, पाळी जवळ आली की असंच होतं." या उत्तरात निम्मे निदान सांगून झालेले असते, परंतु बाईच्या जातीला सोसावेच लागते, या पिढीजात समजुतीपायी ते सांगणारीलाही महत्त्वाचे वाटत नाही आणि ऐकणाऱ्यालाही.

वस्तुतः अर्धशिशीचा इतिहास तिच्याच बाजूने साक्ष देतो. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुली यांच्यात या विकाराचे प्रमाण जवळजवळ सारखे असते. पुढे मात्र एका पुरुषामागे सुमारे तीन स्त्रिया त्याने ग्रस्त होतात. पाळीच्या तोंडावर रक्तातील इस्ट्रोजेन एकाएकी उतरते आणि त्या उतारासरशी डोके उठते. गरोदरपणाच्या उत्तरार्धात तेच संप्रेरक चढे व स्थिर राहते, तेव्हा कित्येकींची अर्धशिशी शमते आणि बाळंतपणानंतर परत येते. ओटीपोटातील कळेचे कारण निराळे. प्रोजेस्टेरोन हे दुसरे संप्रेरक घटले की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, त्यांच्यामुळे स्नायू आवळतात, रक्तपुरवठा कमी पडतो आणि कळ येते. मेफेनॅमिक आम्लाची गोळी ही द्रव्ये तयारच होऊ देत नाही, म्हणून कळ शिगेला पोचेपर्यंत दात-ओठ खात बसण्यापेक्षा ती आरंभीच घेणे अधिक गुणकारी.

पण इस्ट्रोजेन म्हणजे वेदना, असे सोपे समीकरण मांडणाऱ्याने परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे ऐकावे. पाळी गेल्यानंतरही शरीरात जे थोडे इस्ट्रोजेन बनते, तेही लेट्रोझोलसारख्या औषधाने जवळजवळ बंद पाडले जाते. औषध कर्करोगाला आवर घालते, पण ते घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या स्त्रियांचे सांधे धरतात. सकाळी उठल्यावर बोटे ताठलेली असतात, मूठ वळत नाही, पातेल्याचे झाकण उचलणे जड जाते. याउलट, गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याबाहेर रुजतात त्या एंडोमेट्रिओसिसला इस्ट्रोजेनच पोसते. पुनरुत्पादनक्षम वयातील दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला जडणारा आणि वर्षानुवर्षे निदानावाचून राहणारा हा विकार परळच्याच राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत आज अभ्यासला जात आहे, ही मला मोठी समाधानाची गोष्ट वाटते.

समाधानाची अशासाठी, की वेदनेचे शास्त्र दीर्घकाळ नरांच्याच शरीरावर रचले गेले. मासिक चक्रामुळे निष्कर्षांत गोंधळ होईल, या सबबीवर प्रयोगशाळांनी मादी उंदीरही दूर ठेवले. २०१५ साली कॅनडातील जेफ्री मोगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया नावाच्या पेशींना अटकाव केला असता नर उंदरांची वेदना उतरते, माद्यांची उतरत नाही. माद्यांमध्ये ते काम रक्तातील टी-पेशींकडे असल्याची चिन्हे त्यांना दिसली. एकाच दुखण्याचे मार्ग दोन असतील, तर एकाच मार्गावर पारखलेले औषध दोघांना सारखेच लागू पडेल, असे गृहीत धरणे हा अन्याय आहे.

हा अन्याय दूर होईल तोवर घरच्या घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. भिंतीवरच्या ज्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे मांडले जातात, त्यावरच दोन-तीन महिने पाळीच्या आणि डोकेदुखीच्या तारखा टिपाव्यात व तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. दोन्हींचा मेळ बसला, तर पाळीच्या दोन दिवस आधीपासून मोजकेच दिवस औषध देऊन झटका टाळता येतो. आणि डोके दुखण्यापूर्वी जिच्या डोळ्यांपुढे नागमोडी, चकाकत्या रेषा येतात, तिने इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी ती गोष्ट आवर्जून सांगावी. तशा स्त्रीला या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.