नामवंतांचा संघ अंतिम सामन्यात हरतो तेव्हा...

फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरजवळच्या जामठा मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना रंगला होता. गतविजेत्या विदर्भाची पहिल्या दिवसअखेर ७ बाद २०० अशी अवस्था झाली होती. समोरच्या सौराष्ट्र संघात चेतेश्वर पुजारा होता. ऑस्ट्रेलियातील कसोटी मालिकेत ५२१ धावा करून तो नुकताच मायदेशी परतला होता. सामन्याचा नायक कोण ठरणार, याविषयी बहुतेकांचे तर्क त्याच्याभोवतीच फिरत होते. प्रत्यक्षात सामन्याला वळण दिले ते यवतमाळ जिल्ह्यातून पुढे आलेल्या अक्षय कर्णेवारने. दोन्ही हातांनी फिरकी गोलंदाजी करणारा खेळाडू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कर्णेवारने तळाच्या क्रमांकावर येऊन नाबाद ७३ धावा केल्या आणि विदर्भाला ३१२ पर्यंत नेले. सौराष्ट्राचा डाव ३०७ धावांत संपला. आघाडी अवघ्या पाच धावांची होती. आदित्य सरवटेने पुजाराला दोन्ही डावांत मिळून एकच धाव करू दिली आणि विदर्भाने ७८ धावांनी करंडक राखला.

अंतिम सामना म्हटला की डोळ्यांसमोर मोठी नावे येतात. मात्र नामवंतांनी भरलेला संघ शेवटच्या पायरीवर अडखळतो, तेव्हा कारण बहुधा त्या नावांच्या पलीकडे असते. प्रतिस्पर्ध्याने मोठ्या खेळाडूंचा कसून अभ्यास केलेला असतो. त्यांच्या नेहमीच्या वाटा तो बंद करतो. अशा वेळी उरलेल्या खेळाडूंकडे सामना सावरण्याची कुवत आहे काय, आणि मुख्य म्हणजे तशी जबाबदारी त्यांना आधी कधी दिली गेली होती काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर निकाल ठरतो.

याचे अगदी ठळक उदाहरण क्रिकेटच्या बाहेर, बास्केटबॉलमध्ये सापडते. या खेळात मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि चेंडू एकच असतो. अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत चेंडू हाती आल्यावर २४ सेकंदांत बास्केटच्या दिशेने प्रयत्न करावाच लागतो. तीन खेळाडू असे असतील की ज्यांना आयुष्यभर चेंडू स्वतःच्या हातात ठेवूनच खेळण्याची सवय आहे, तर त्यांतील दोघे प्रत्येक क्षणी केवळ प्रेक्षक ठरतात. कौशल्यांची बेरीज होण्याऐवजी ती एकमेकांना छेद देतात.

मायामी हीट या संघाचे २०११ मध्ये नेमके हेच झाले. त्याआधीच्या वर्षी लेब्रॉन जेम्स आणि ख्रिस बॉश हे दोघे ड्वेन वेडच्या जोडीला आले, तेव्हा विजेतेपदांची रांगच लागणार असे मानले जात होते. अंतिम फेरीत डॅलसने त्यांना ४-२ असे हरवले. हंगामात सामन्यामागे सरासरी २६.७ गुण मिळवणारा जेम्स अंतिम फेरीत १७.८ गुणांवर आला. चौथ्या सामन्यात तर त्याचे आठच गुण होते. याच सामन्यापासून डॅलसने जे. जे. बरेआ या कमी उंचीच्या, एरवी राखीव बसणाऱ्या खेळाडूला सुरुवातीच्या पाचांत घेतले आणि पुढचे तिन्ही सामने जिंकले.

पराभवानंतर मायामीने त्रिकूट मोडले नाही, तसेच चौथा तारकही शोधला नाही. जेम्सने त्या उन्हाळ्यात निवृत्त महान खेळाडू हकीम ओलाजुवान याच्याकडे जाऊन बास्केटजवळ पाठमोरे उभे राहून खेळण्याचे तंत्र शिकून घेतले. लांबून चेंडू घेऊन धावण्याची त्याची सवय प्रतिस्पर्ध्यांना पाठ झाली होती, म्हणून त्याने खेळात नवी वाट जोडली. संघ मुळात वेडचा होता. त्याने मागे सरून नेतृत्वाची जागा जेम्सला मोकळी केली. बॉशने बास्केटच्या पुढ्यातील कष्टाची मधली जागा स्वीकारली. शेन बॅटिए हा बचाव आणि लांबून नेम यांत तरबेज, पण प्रसिद्धीपासून दूर असलेला खेळाडू संघात आला. २०१२ च्या अंतिम फेरीत मायामीने ओक्लाहोमा सिटीला ४-१ असे नमवले. निर्णायक पाचव्या सामन्यात माइक मिलर या राखीव खेळाडूने सात वेळा तीन गुणांची फेक यशस्वी केली.

महाराष्ट्रात या कथेच्या जवळ जाणारा प्रवास मुंबईच्या रणजी संघाचा आहे. जून २०२२ मध्ये बंगळुरूत मुंबईने मध्य प्रदेशाविरुद्ध अंतिम सामना गमावला. सर्फराझ खानने त्या हंगामात ९८२ धावा केल्या होत्या आणि अंतिम सामन्यातही १३४ धावांची खेळी केली होती. तरीही मध्य प्रदेशाने तीन शतकवीरांच्या बळावर ५३६ धावांचा डोंगर रचला आणि सहा गडी राखून बाजी मारली. एका फलंदाजाच्या धावा कितीही वाढल्या तरी गोलंदाजीतील उणीव त्यातून भरून निघत नाही, हा त्या निकालाचा अर्थ होता. पुढच्या हंगामात तर मुंबईला बाद फेरीही गाठता आली नाही.

मुंबईने २०२४ मध्ये आठ वर्षांनी करंडक परत मिळवला, तेव्हा मोठा वाटा खालच्या फळीचा होता. उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी दहाव्या व अकराव्या क्रमांकावर शतके ठोकून शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा जोडल्या. उपांत्य फेरीत शार्दूल ठाकूरचे शतक, तर अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात त्याच्याच ७५ धावा संघाला तारून गेल्या. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ५०२ धावा आणि २९ बळी मिळवणाऱ्या कोटियनला मिळाला.

वानखेडेवरील त्या अंतिम सामन्यात हरलेला संघ विदर्भाचाच होता. पहिल्या डावात अवघ्या १०५ धावांत गारद झालेल्या विदर्भाला १६९ धावांनी हार पत्करावी लागली. अशा पराभवानंतर कर्णधार बदलण्याची हाकाटी होणे नवे नसते. विदर्भाने नेतृत्व अक्षय वाडकरकडेच ठेवले आणि नव्या दमाच्या खेळाडूंवर मोठी कामे सोपवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपांत्य फेरीत पुन्हा मुंबईशी गाठ पडली. फिरकीपटू पार्थ रेखडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना माघारी धाडले. विदर्भाने ८० धावांनी सामना जिंकला. केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात ३ बाद २४ अशा पडझडीनंतर तरुण दानिश मालेवार आणि अनुभवी करुण नायर यांनी २१५ धावांची भागी रचली. पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता ठरला. हर्ष दुबेचे ६९ बळी हा रणजीच्या एका हंगामातील विक्रम ठरला.

या साऱ्यांतून सुधारणेचा क्रम स्पष्ट होतो. पहिले काम पराभवाचे निदान करण्याचे. संघ खेळाच्या कोणत्या अंगात कमी पडला हे शोधायचे; कोणाच्या माथी खापर फोडावे हा प्रश्न त्यानंतरही येऊ नये. दुसरे काम मोठ्या खेळाडूंचे. त्यांनी खेळात एक तरी नवे अस्त्र आणायचे आणि गरज पडल्यास आवडीची जागा सोडायची. तिसरे काम व्यवस्थापनाचे. आठव्या, नवव्या खेळाडूला हंगामभर खरी जबाबदारी द्यायची, म्हणजे अंतिम दिवशी ती त्याला परकी वाटत नाही.

हा प्रश्न केवळ करंडकापुरता नाही. हरल्यावर बाहेरून आणखी एक मोठे नाव आणणे सोपे असते, टाळ्याही मिळतात. पण तशा प्रत्येक नावागणिक यवतमाळ, पुसद, वणीसारख्या गावांतून घडत असलेल्या एखाद्या मुलाची जागा कमी होते. त्या जागेची किंमत किती असते, हे २०१९ मध्ये जामठ्यावरील पाच धावांच्या आघाडीने दाखवून दिले आहे.