आत्याची नळी आणि मोसंबीची करंडी

दिवाळीच्या फराळाबरोबर इस्पितळाची कथा पुढे करतो, याचा वाचकांनी राग मानू नये. गेल्या वर्षी आमची दिवाळीच जालन्याच्या एका इस्पितळात झाली, आणि तेथे मी जे शिकलो ते घरोघरी उपयोगी पडेल असे आहे.

आमची आत्या अंबडची, वय ७८. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. लघवीसाठी नळी घातलेली होती. तिसऱ्या दिवशी परिचारिका म्हणाली, "नळी काढायची का, डॉक्टरांना विचारते." मीच शहाणपणा केला! म्हटले, "असू द्या हो. उठबस नको, चादर भिजायला नको." लघवीची पिशवी खाली लोंबते ते बरे दिसेना, म्हणून तीही मी उचलून खाटेवर ठेवीत असे.

सहाव्या दिवशी आत्या बरळू लागली. कधीच वारलेल्या आतोबांना "अहो, गाडी आली का?" म्हणून हाका मारू लागली. पाय उचलण्याचीही ताकद राहिली नाही. "वय झालं, चालायचंच," असे नातलग म्हणाले. पण तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना ते पटले नाही. त्यांनी लघवी आणि रक्त तपासायला पाठविले.

निकाल आल्यावर त्या म्हणाल्या, "काका, दुखणी दोन आहेत. पहिलं, लघवीत जंतुदोष. तरुणांना जळजळ होते. म्हाताऱ्यांना पुष्कळदा नुसता भ्रम होतो. आतड्यात निरुपद्रवी असणारे जंतू नळीवाटे मूत्राशयात शिरतात. नळी जितके दिवस राहील, तितका धोका वाढतो. आणि पिशवी वर ठेवली की तुंबलेली लघवी उलटी आत जाते!"

मी मान खाली घातली.

दुसरे दुखणे पोटॅशियमचे. ते रक्तात साधारण ३.५ ते ५ असावे, आत्याचे २.६ होते. शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पण रक्तातला उरलेला थोडका अंश ढळला, की स्नायू गळतात आणि हृदयाचा ताल बिघडतो. आत्याला चार दिवस उलट्या होत होत्या, पोटात अन्न नव्हते, आणि रक्तदाबासाठी ती घेत असलेली गोळी लघवीवाटे पोटॅशियम घालविणारी होती.

मी धावत जाऊन मोसंबीची करंडी आणली. जालन्याची मोसंबी ती! बाई हसल्या. "रस जरूर द्या, पण एवढी तूट रसानं भरत नाही. मात्र शेजारच्या आजोबांना देऊ नका. त्यांची मूत्रपिंडं दुबळी आहेत. त्यांना हेच पोटॅशियम जास्त होऊन घात होईल."

नळी निघाली, जंतुनाशक औषध सुरू झाले. पोटॅशियम सलाईनमधून थेंबाथेंबाने, हृदयाचा आलेख पाहत दिले. घाईने दिले तर तेच हृदय बंद पाडते. मॅग्नेशियमही कमी होते. ते भरल्याशिवाय पोटॅशियम टिकत नाही, म्हणून तेही दिले.

तिसऱ्या सकाळी आत्याने डोळे उघडले आणि विचारले, "आज वसुबारस ना रे? पणती लावली का?" माझ्या डोळ्यांत पाणी आले.

तेव्हा वाचकहो, आपले माणूस इस्पितळात असेल तर रोज सकाळी नम्रपणे एवढे विचारा, "नळी आज हवीच आहे का?" पिशवी खाटेखालीच लोंबू द्या. घरी चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. आणि म्हातारे माणूस एकाएकी बरळू लागले तर वयाला दोष देऊ नका.

घरी आल्यावर मी सारे आत्याला कबूल केले. ती एवढेच म्हणाली, "बाळ्या, चादर धुता येते रे!"